ब्रिटिश फौजदारी कोर्ट, पुस्तकातलं आणि खरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओटीटीवर ब्रिटिश मालिका बघणारे, अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स यांच्या रहस्यकथा वाचणारे, आणि लंडनला मुलाकडे गेल्यावर ओल्ड बेली या प्रसिद्ध फौजदारी कोर्टाची वारी करून येणारे, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांना साधारण तेच प्रश्न पडतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे 'ब्रिटिश कोर्ट' म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधलं कोर्ट समजावं. स्कॉटलंडचा संसार निराळा आहे, त्याबद्दल पुढे येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो. खरं इंग्लिश कोर्ट पडद्यावरच्या कोर्टापेक्षा कितीतरी संथ आणि अदबशीर असतं, आणि ज्या लेखकांनी त्या अदबीतूनच नाट्य काढलं त्यांचीच कोर्टं वाचकांच्या लक्षात राहिली.

न्यायाधीश हातोडा आपटतात ना?

नाही. तिथल्या फौजदारी न्यायाधीशांच्या मेजावर हातोडा नसतोच. ती अमेरिकेची पद्धत. चित्रपटांमुळे ती इतकी पसरली की ब्रिटिश वर्तमानपत्रंसुद्धा स्वतःच्या देशातल्या कोर्टाच्या बातमीला हातोड्याचा फोटो लावतात, आणि तिथले वकील त्यावर वर्षानुवर्षं चरफडत असतात. न्यायाधीश आत आले की अशर, म्हणजे कोर्टातला शिपाई, सगळ्यांना उठायला सांगतो, वकील आणि न्यायाधीश एकमेकांना किंचित मान झुकवतात आणि काम सुरू होतं. गॅलरीत कुजबुज वाढली तर न्यायाधीश बोलायचे थांबून नुसते बघतात. त्यानंही भागलं नाही तर गॅलरी रिकामी करवतात. एखादी मालिका कितपत अभ्यास करून केली आहे हे पटकन ओळखायचं असेल तर हातोडा शोधा.

मग "ऑब्जेक्शन, मिलॉर्ड" तरी खरं असेल?

तेही तसं नाही. समजा, सरकारी बॅरिस्टरनं साक्षीदाराला आडवळणाचा प्रश्न विचारला. बचावाचा बॅरिस्टर ओरडत नाही, टेबलावर हात मारत नाही, नुसता उभा राहतो. दोघांनी एका वेळी उभं राहायचं नाही असा रिवाज असल्यामुळे पहिला बोलता बोलता खाली बसतो. उभा राहिलेला अत्यंत नम्रपणे म्हणतो, की एक कायद्याचा मुद्दा आहे आणि तो ज्युरीच्या गैरहजेरीत मांडावा असं वाटतं. न्यायाधीश मान हलवतात. बाराच्या बारा माणसं वह्या मिटून, रांगेनं, अशरच्या मागोमाग बाहेर जातात. मग वीस मिनिटं वाद. मग ज्युरी पुन्हा रांगेनं आत. आपल्या पाठीमागे काय झालं हे त्यांना कुणी सांगत नाही.

मालिकावाल्यांची अडचण समजण्यासारखी आहे. एवढा वेळ कोण दाखवेल? पण त्या ये-जा करणाऱ्या ज्युरीच्या चेहऱ्यावर जे कुतूहल असतं, ते दाखवणारा दिग्दर्शक मला अजून भेटायचा आहे.

आणखी एक. बॅरिस्टर कोर्टात येरझारा घालत नाहीत. साक्षीदाराच्या तोंडाजवळ जाऊन बोट नाचवणं, ज्युरीच्या कठड्यावर हात टेकणं, हे सगळं अमेरिकन चित्रपटातलं. इथे आपल्या रांगेत, कागद ठेवायच्या छोट्या घोडीमागे उभं राहूनच सगळी उलटतपासणी करायची. आरोपीसुद्धा वकिलाच्या शेजारी बसत नाही. तो बहुतेक वेळा कोर्टाच्या मागच्या बाजूला, पुष्कळ ठिकाणी काचेच्या पिंजऱ्यात असतो. त्याला वकिलाशी बोलायचं तर चिठ्ठी पाठवावी लागते.

एकमेकांना "माय लर्नेड फ्रेंड" म्हणतात ते खरं आहे का?

अगदी खरं. बॅरिस्टर दुसऱ्या बॅरिस्टरचा उल्लेख असाच करतो. न्यायाधीशांशी बोलताना "आदरपूर्वक" म्हटलं की समजावं, वकिलाच्या मते न्यायाधीश चुकत आहेत. "अत्यंत आदरपूर्वक" म्हटलं की फारच चुकत आहेत. आपल्याकडे "राग मानू नका हं" म्हणून सुरू होणाऱ्या वाक्यांची चाल ठाऊक असेल त्यांना हे शिकवायला लागत नाही.

संबोधनंही ठरलेली आहेत. क्राउन कोर्टातल्या, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टातल्या, सर्किट न्यायाधीशाला 'युअर ऑनर', हायकोर्टाच्या न्यायाधीशाला 'माय लॉर्ड' किंवा 'माय लेडी', मॅजिस्ट्रेटला 'सर' किंवा 'मॅडम'. ओल्ड बेलीत मात्र सगळेच न्यायाधीश 'माय लॉर्ड' आणि 'माय लेडी'.

सगळे खटले ओल्ड बेलीतच का चालतात?

कथांमध्ये चालतात. प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून जास्त फौजदारी प्रकरणं सुरू होतात आणि संपतात ती मॅजिस्ट्रेट कोर्टात, जिथे ना ज्युरी, ना विग. तिथे निकाल देणारे बहुतेक जण न्यायाधीशही नसतात. ती शिक्षक, दुकानदार, निवृत्त परिचारिका अशी साधी माणसं असतात. पगार नाही, कायद्याची पदवी नाही. तिघं मिळून बसतात आणि कायदा सांगायला एक सल्लागार सोबत असतो. ही व्यवस्था १३६१ पासूनची आहे. चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं, किरकोळ मारामारी हे सगळं इथेच निपटतं. नाटककारांनी या कोर्टाकडे जवळपास पाठच फिरवली आहे. माझ्या मते हा त्यांचा करंटेपणा आहे, कारण माणसांचे नमुने बघावेत ते इथेच.

गंभीर गुन्हे क्राउन कोर्टात जातात. हे कोर्ट तसं नवीन, १ जानेवारी १९७२ चं. त्याआधी न्यायाधीश वर्षातून ठरावीक वेळा गावोगाव फिरून 'असाइझ' भरवत. जुन्या कादंबरीत असाइझचा उल्लेख आला की ती १९७२ पूर्वीची गोष्ट, हे ओळखायला सोपं.

ओल्ड बेली हे क्राउन कोर्टाचंच लंडनमधलं एक केंद्र. सध्याची इमारत १९०७ ची, पाडलेल्या न्यूगेट तुरुंगाच्या जागेवर बांधलेली. घुमटावरच्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हे तिथे जाणाऱ्यांनी मान वर करून जरूर बघावं. १७५० मध्ये न्यूगेटच्या कैद्यांकडून पसरलेल्या तुरुंगतापानं लंडनचा लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही दगावले. त्यानंतर दुर्गंधी आणि रोग दूर ठेवायला कोर्टात सुगंधी वनस्पती ठेवायची प्रथा पडली, आणि अजूनही काही प्रसंगी तिथले न्यायाधीश हातात फुलांचा गुच्छ घेऊन येतात. सेयर्सच्या 'स्ट्राँग पॉयझन' या १९३० च्या कादंबरीची सुरुवातच न्यायाधीशांसमोरच्या लाल गुलाबांनी होते. ती फुलं लेखिकेनं सजावटीसाठी आणलेली नाहीत.

ज्युरी म्हणजे नेमकं कोण? त्यांना काय काय ठरवायचं असतं?

मतदारयादीतून चिठ्ठी काढावी तशी निवडलेली बारा माणसं. वय १८ ते ७५. आरोपी दोषी की निर्दोष, एवढंच ते ठरवतात. शिक्षा ठरवतात न्यायाधीश. खुनाला जन्मठेप सक्तीची आहे; किमान किती वर्षं आत काढायची ते न्यायाधीश सांगतात.

अमेरिकन मालिकांत वकील ज्युरीतल्या माणसांची दिवसचे दिवस चौकशी करून एकेकाला गाळतात. इंग्लंडमध्ये तसं चालत नाही. खटल्यातल्या कुणाला ओळखता का, अशा मोजक्या प्रश्नांपलीकडे त्यांना विचारलं जात नाही. मिळतील ते बारा.

'रीझनेबल डाउट' हा शब्दप्रयोग कादंबऱ्यांतून सगळ्यांना पाठ आहे. आजकाल न्यायाधीश ज्युरीला सांगतात ते साधं असतं: आरोपीनं गुन्हा केला याची खात्री असेल तरच दोषी म्हणा. सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची, हे तत्त्व १९३५ च्या वुलमिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकी यांनी इंग्लिश फौजदारी कायद्यातला 'सोनेरी धागा' म्हणून सांगितलं. रम्पोल या काल्पनिक बॅरिस्टरच्या कथा वाचल्या असतील तर हा धागा शंभर वेळा ऐकला असेल.

१९६७ पर्यंत निकाल एकमतानंच लागे. आता ज्युरीला पुरेसा वेळ देऊनही एकमत झालं नाही तर न्यायाधीश बारापैकी दहांचं मत स्वीकारू शकतात. 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये ज्युरीतली मिस क्लिम्पसन ठाम राहते, एकमत होत नाही, आणि खटला नव्यानं चालवावा लागणार म्हणून नायकाला शोध घ्यायला मुदत मिळते. आज असा पेच टिकवायचा तर किमान तिघं हटून बसायला हवेत.

आणि आतल्या खोलीत काय बोलणं झालं? ते बाहेर कधीच सांगायचं नाही. जन्मभर. बायकोलाही नाही. सांगणं हा गुन्हा आहे, तसंच खटला चालू असताना आरोपीचं नाव गुगल करणंही गुन्हा आहे. त्यामुळे ज्युरीच्या खोलीतले सगळे प्रसंग, कितीही खरे वाटले तरी, लेखकाच्या कल्पनेतलेच.

ज्युरीला न्यायाधीश दम देऊ शकतात का?

एकेकाळी देत. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर ओल्ड बेलीत बेकायदा सभा घेतल्याचा खटला चालला. ज्युरी दोषी म्हणेना, म्हणून त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवलं. तरी बधले नाहीत, तेव्हा दंड ठोठावला. एडवर्ड बुशेल नावाच्या ज्युररनं दंड भरायला नकार दिला आणि तुरुंगातून कॉमन प्लीज या वरच्या कोर्टात दाद मागितली. निकाल त्याच्या बाजूनं लागला: ज्युरीला तिच्या निकालाबद्दल शिक्षा करता येत नाही. त्या बारा जणांच्या धैर्याची आठवण म्हणून ओल्ड बेलीत पाटी लावलेली आहे.

आपल्याकडे ज्युरी होती ना? मग गेली कुठे?

होती. १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला ज्युरीसमोरच चालला; सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोन पारशांनी निर्दोष, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं तो निकाल फिरवला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरीला जागाच उरली नाही. म्हणून आपल्या आजच्या पिढीला ज्युरी फक्त पडद्यावरून ठाऊक असते.

मी भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहतो. मला ज्युरीचं बोलावणं येऊ शकतं?

येऊ शकतं, आणि येतंही. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयांना मतदारयादीत नाव घालता येतं. नाव यादीत असेल आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षं ब्रिटनमध्ये राहणं झालं असेल तर तुम्ही पात्र ठरता. बोलावणं आलं की टाळता येत नाही. सबळ कारण असेल तर पुढे ढकलून मिळतं, आणि अगदी अपवाद म्हणून माफीही मिळते. शपथ गीतेवर हात ठेवून घेता येते, किंवा कुठल्याही ग्रंथाशिवाय नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगता येतं.

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांत फरक काय?

पोलीस ठाण्यात रात्री अडीचला धावत येतो तो सॉलिसिटर. कागदपत्रं, अशिलाची भेट, साक्षीदारांचे जबाब ही त्याची कामं. क्राउन कोर्टात उभा राहून युक्तिवाद करतो तो बहुधा बॅरिस्टर. तो लंडनच्या चार 'इन्स'पैकी एकातून सनद घेतो: लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल, ग्रेज इन. गांधीजी इनर टेम्पलचे, डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे. सावरकरांनीही ग्रेज इनमध्ये शिक्षण पुरं केलं होतं, पण राजकारणामुळे त्यांना सनद नाकारण्यात आली.

अनुभवी बॅरिस्टरला 'सिल्क' मिळतं, म्हणजे रेशमी गाऊन घालायचा मान. राणीच्या काळात ते क्यूसी (क्वीन्स काउन्सेल) होते. ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली त्याच दिवशी सगळे केसी (किंग्ज काउन्सेल) झाले.

मालिकांत न दिसणारी गोष्ट अशी, की एकच बॅरिस्टर या आठवड्यात सरकारच्या बाजूनं आणि पुढच्या आठवड्यात आरोपीच्या बाजूनं उभा राहू शकतो. शिवाय 'कॅब-रँक' नियम आहे. रांगेतल्या टॅक्सीवाल्यानं येईल ते गिऱ्हाईक घ्यायचं, तसं बॅरिस्टरनं आपल्या विषयातलं, आपल्याला वेळ असलेलं काम नाकारायचं नाही, मग अशील कितीही नकोसा असो.

वकिलाला माहीत असतं की अशील गुन्हेगार आहे, तरी तो बचाव कसा करतो?

हा प्रश्न प्रत्येक बॅरिस्टरला प्रत्येक लग्नसमारंभात विचारला जातो म्हणे. उत्तर दोन भागांत आहे.

बहुतेक वेळा त्याला माहीत नसतं. संशय येणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. अशील म्हणतो "मी केलं नाही", आणि ते खरं की खोटं हे ठरवायला ज्युरी बसली आहे.

पण अशिलानं "हो, मीच केलं" असं स्पष्ट कबूल केलं तर नियम कडक आहेत. बॅरिस्टर कोर्टाची दिशाभूल करू शकत नाही. तो सरकार पक्षाचा पुरावा तपासू शकतो, साक्षीदाराला अंधारात नीट दिसलं का हे विचारू शकतो, पुरावा पुरेसा नाही म्हणू शकतो. मात्र "माझा अशील तिथे नव्हताच" असं म्हणता येत नाही, खोटी साक्ष द्यायला त्याला उभंही करता येत नाही. अशील हट्टाला पेटला तर बॅरिस्टर खटल्यातून बाहेर पडतो, आणि का बाहेर पडतो हे कोणाला सांगत नाही. एवढी बारीक दोरी आहे ही! यावर उभी असलेली गोष्ट फार थोडे जण लिहितात. बहुतेकांचे वकील सरळ साधू तरी असतात नाहीतर लुच्चे तरी.

साक्षीदाराला घोकून तयार करण्यालाही बंदी आहे. कोर्टाची खोली दाखवा, पद्धत समजावून सांगा, पण काय उत्तर द्यायचं याची तालीम घ्यायची नाही.

शेवटच्या क्षणी दार उघडून नवा साक्षीदार येतो, तसं होतं का?

फार क्वचित. सरकार पक्षाला आपल्या हातातला, बचावाच्या उपयोगी पडेल असा पुरावासुद्धा आधी द्यावा लागतो, आणि बचाव पक्षानंही आपली बाजू काय असणार हे लेखी कळवायचं असतं. मी त्या वेळी दुसरीकडे होतो असं म्हणायचं तर कुठे, कुणाबरोबर, हे आधीच सांगावं लागतं. अटकेच्या वेळी पोलीस जी ताकीद देतात तिच्यातही हे आहे: गप्प राहायचा हक्क तुम्हाला आहे, पण आत्ता विचारल्यावर जे सांगितलं नाही आणि पुढे कोर्टात ज्यावर विसंबलात, त्यानं तुमच्या बचावाला बाध येऊ शकतो. ही ताकीद १९९४ च्या कायद्यानंतरची. त्याआधीच्या काळातल्या कथेत ती आली तर लेखक झोपला होता असं समजा.

साक्षीदारांनी आपली साक्ष होईपर्यंत कोर्टात बसायचं नसतं, हेही मालिकावाले विसरतात. २०१५ साली 'ब्रॉडचर्च'च्या दुसऱ्या पर्वात साक्ष द्यायची असलेली मंडळी आधीच आत बसून सगळं ऐकताना दाखवली, तेव्हा तिथल्या वकिलांनी भरपूर टर उडवली होती.

अजूनही विग घालतात?

फौजदारी कोर्टात घालतात. दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणांत २००८ पासून बहुतेक ठिकाणी गेले. विग घोड्याच्या केसांचा असतो, महाग असतो, आणि जुना, पिवळटलेला विग अनुभवाची खूण मानतात, त्यामुळे नवा करकरीत विग घातलेला वकील नवशिका हे लांबूनच कळतं. शीख बॅरिस्टर पगडी बांधतात.

काळी टोपी घालून फाशी सुनावायचे ते?

ती टोपी नव्हती, काळ्या रेशमाचा चौकोनी तुकडा होता. न्यायाधीशाच्या विगवर ठेवत. ब्रिटनमधल्या शेवटच्या दोन फाशी १३ ऑगस्ट १९६४ रोजी एकाच वेळी दोन वेगळ्या तुरुंगांत झाल्या. खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये स्थगित आणि १९६९ मध्ये कायमची रद्द झाली. ख्रिस्ती-सेयर्सच्या काळातल्या कथांना जी धार आहे ती या तुकड्यामुळे. निकाल चुकला तर तीन आठवड्यांत माणूस जाणार, हे वाचकाला ठाऊक असे.

डिकन्सनं रंगवलेलं कोर्ट कितपत खरं?

पुष्कळ. पोरसवदा वयात तो वकिलाच्या कचेरीत कारकून होता, नंतर कोर्टाचा वार्ताहर. 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये चार्ल्स डार्नेवर १७८० साली ओल्ड बेलीत राजद्रोहाचा खटला चालतो. तिथे आरोपीच्या डोक्यावर त्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडणारा आरसा आहे, रोगापासून वाचायला शिंपडलेला व्हिनेगर आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी.

त्या काळाची खरी भयानकता मात्र आजच्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. राजद्रोहाच्या आरोपीला पूर्ण वकील मिळे. पण साधी चोरी किंवा खून असेल तर वकिलानं फक्त साक्षीदारांना प्रश्न विचारायचे, ज्युरीला उद्देशून भाषण करायचं नाही. ती परवानगी १८३६ मध्ये आली. आणि आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष द्यायचा सरसकट हक्क मिळाला तो थेट १८९८ मध्ये. बीबीसीची 'गॅरोज लॉ' ही मालिका विल्यम गॅरो या त्या काळातल्या खऱ्या बॅरिस्टरवर आहे. नुसत्या प्रश्नांनी साक्षीदाराचं खोटं उघडं पाडायची कला त्यानं कशी वाढवली हे तिच्यात छान दिसतं, प्रेमप्रकरणाचा मसाला सोडला तर.

उमरावांवर संसदेत खटला चालायचा हे खरं का?

खरं. सेयर्सच्या 'क्लाउड्स ऑफ विटनेस'मधला ड्यूक हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर उभा राहतो ते काल्पनिक नाही. शेवटचा असा खटला १९३५ मध्ये झाला, आणि १९४८ मध्ये हा विशेषाधिकारच गेला.

रम्पोल खराखुरा होता का?

व्यक्ती म्हणून नाही. त्याला जन्म देणारे जॉन मॉर्टिमर मात्र खरोखरचे बॅरिस्टर होते, १९७१ च्या गाजलेल्या 'ऑझ' मासिकाच्या अश्लीलता खटल्यात बचावाला उभे राहिलेले. रम्पोल १९७५ मध्ये बीबीसीच्या एका नाटकात पहिल्यांदा आला आणि १९७८ ते १९९२ लिओ मॅककर्न यांनी तो अजरामर केला. मळका विग, स्वस्त वाइन, वर्ड्सवर्थच्या ओळी आणि घरी 'जिची आज्ञा मोडता येत नाही' ती पत्नी. तो कधीही सरकारच्या बाजूनं उभा राहत नाही. कॅब-रँक नियम पाळून अशी प्रतिज्ञा जन्मभर निभावणं अवघड, पण बाकी चेंबर्समधलं, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीतलं, राजकारण, क्लार्कची मेहेरबानी, न्यायाधीशांचे लहरी स्वभाव हे सगळं आतल्या माणसानं लिहिलेलं आहे. याउलट 'जज जॉन डीड' या मालिकेतला न्यायाधीश स्वतःच तपास करतो आणि आपल्यासमोर येणाऱ्या वकिलांशी सूत जमवतो. करमणूक म्हणून बघा.

मला विचाराल तर सगळ्यांत प्रामाणिक प्रयोग ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या 'क्राउन कोर्ट'चा, १९७२ ते १९८४. खटला लिहिलेला, नट नेमलेले, पण ज्युरीत बसलेली माणसं सामान्य जनतेतली. निकाल त्यांनी खरोखर विचार करून द्यायचा. लेखकालाही शेवट माहीत नसायचा!

कोर्टाचे फोटो का नसतात? नुसती चित्रं का?

१९२५ च्या कायद्यानं कोर्टात फोटो काढायला बंदी आहे, आणि गंमत म्हणजे चित्र काढायलाही. त्यामुळे बातम्यांत दिसणारी ती खडूची रेखाटनं कोर्टात बसून काढलेली नसतात. चित्रकार आत बसून बघतो, टायचा रंग, भुवयांची ठेवण असं शब्दांत टिपून घेतो आणि बाहेर येऊन आठवणीनं काढतो. २०२२ पासून क्राउन कोर्टात कॅमेरा आला, पण फक्त काही खटल्यांत, फक्त शिक्षा सुनावताना, आणि रोख फक्त न्यायाधीशावर.

स्कॉटलंडमध्ये वेगळं काय?

जवळजवळ सगळंच. ज्युरीत पंधरा जण. खटले चालवतो तो प्रोक्युरेटर फिस्कल. आणि दोषी, निर्दोष यांच्या जोडीला 'सिद्ध झालं नाही' असा तिसरा निकाल होता, ज्यावर कित्येक लेखकांनी शेवट बेतले. स्कॉटिश संसदेनं २०२५ मध्ये कायदा करून तो काढून टाकला.

एखाद्या मालिकेमुळे कधी न्याय मिळाला आहे का?

ब्रिटिश पोस्टाचं प्रकरण. होरायझन नावाच्या सदोष संगणक प्रणालीनं उपडाकघरांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवली, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त पोस्टमास्तर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. त्यांत भारतीय वंशाचे दुकानदार पुष्कळ होते. यातले बहुतेक खटले पोस्टानं स्वतः चालवले. खाजगी फिर्यादीचा हा अधिकार तिथे जुनाच आहे. पत्रकारांनी वर्षानुवर्षं लिहिलं, २०१९ मध्ये हायकोर्टानं प्रणालीत दोष असल्याचं मान्य केलं, तरी बहुसंख्य लोक डाग घेऊनच जगत होते. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीनं त्यावर चार भागांची मालिका दाखवली. देश खवळला, आणि मे महिन्यात संसदेनं कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या.

कायदेपंडितांना हे पूर्णपणे रुचलं नाही, कारण कोर्टाचे निकाल संसदेनं पुसायचे हा पायंडा धोक्याचा. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण अपिलाच्या रांगेत उभे असताना मरण पावलेल्यांचा विचार केला की दुसरा मार्ग कोणता होता हेही सुचत नाही. लक्षात घेण्यासारखं म्हणजे या मालिकेत नाट्यमय उलटतपासणी जवळजवळ नाहीच. आहेत ती घाबरलेली माणसं, ज्यांनी वकिलाच्या सल्ल्यानं, तुरुंग टळेल या आशेनं, न केलेला गुन्हा कबूल केला.

खटले इतक्या पटकन उभे राहतात का?

मुळीच नाही. २०२५ मध्ये क्राउन कोर्टात तुंबलेली प्रकरणं ७५,००० च्या वर गेली. मालिकेत अटकेनंतरच्या भागात खटला सुरू होतो, प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. आपल्याला तारखांचं कौतुक सांगायला नकोच. यावर उपाय म्हणून काही प्रकारच्या खटल्यांतून ज्युरी काढावी असा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस तिथल्या सरकारनं मांडला, आणि बुशेलच्या देशात त्यावरून रण माजलं.

आपल्या क्रांतिकारकांचे खटले तिथे कसे चालले?

मदनलाल धिंग्रांचा खटला ओल्ड बेलीत २३ जुलै १९०९ ला उभा राहिला आणि त्याच दिवशी संपला. त्यांनी वकील घेतला नाही; या कोर्टाला माझा न्याय करायचा अधिकारच नाही ही त्यांची भूमिका. १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. उधमसिंगांचा खटलाही ओल्ड बेलीतलाच, जून १९४० चा. सावरकरांना मार्च १९१० मध्ये व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडल्यावर बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात उभं केलं, पण त्यांचा खटला तिथे चालला नाही. फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात पाठवायचं ठरलं, आणि मार्सेलिसची उडी त्या प्रवासातली. बो स्ट्रीटचं कोर्ट २००६ मध्ये बंद झालं, आता त्या इमारतीत हॉटेल आहे.

पर्यटकाला ओल्ड बेलीत खटला बघता येतो?

येतो, फुकट. चौदा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. मोबाइल, कॅमेरा, इअरफोन काहीही न्यायचं नाही, आणि ठेवायला आत लॉकर नाहीत, त्यामुळे फोन घरी किंवा हॉटेलवर ठेवूनच निघा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गॅलरी रिकामी करतात, तेव्हा सकाळी दहाच्या सुमाराला पोचलेलं बरं. बाहेरच्या यादीवर खटल्यांची नावं असतात. रखवालदाराला विचारलं तर कुठे साक्ष चालू आहे ते तो सांगतो.

नाट्यच हवं असेल तर टेम्सपलीकडे काउंटी हॉलच्या जुन्या सभागृहात ख्रिस्तीचं 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' २०१७ पासून चालू आहे. थोडे जास्त पैसे मोजले तर ज्युरीच्या जागी बसायला मिळतं. शेवट आधी कुणाकडून ऐकू नका.